रविवारची उपासना झाली. सोमवार ते शनिवार आपला विश्वास कुठे दिसतो?

नगरकर_मुंबईत (धागाकर्ता)
सर्वांना सलाम.

आमची मंडळी, म्हणजे चर्च, भायखळ्याची. बहुतेकांची मुळं नगर, राहुरी, नेवासे, श्रीरामपूर या भागातली. आठवडाभर आमच्याकडे काही ना काही चालू असतं: बुधवारी प्रार्थनासभा, शुक्रवारी उपासप्रार्थना, शनिवारी तरुण संघ. परवा मंडळीतल्या एका ज्येष्ठांनी उभं राहून सांगितलं, "रविवारपुरते ख्रिस्ती राहू नका, बुधवारीही येत चला." तेव्हापासून डोक्यात घोळतंय. बुधवारी येणं चांगलंच आहे. पण उरलेल्या आठवड्याच्या विश्वासाचा हिशेबसुद्धा देवळातल्या हजेरीवरच मांडायचा का?

मला वाटतं, मंडळीतलं कुणी बघत नसतं तिथे, पैशाच्या आणि कामाच्या जागी, विश्वासाची परीक्षा होते. मी रस्त्यांच्या कामावर साइट इंजिनिअर आहे. केबलसाठी खणलेला चर बुजवताना खडीचा थर किती पडला, हे मोजमाप-वहीत लिहिणं माझ्याकडे असतं. वहीत नऊ इंच लिहायचे आणि जमिनीत सहाच टाकायचे, हा प्रकार नवा नाही. पाऊस पडला की रस्ता बसतो, पण सही मार्चमध्येच होऊन गेलेली असते. वही समोर आली की मला 'तुमचे बोलणे होय तर होय, नाही तर नाही, एवढेच असावे' हे वचन आठवतं. टेप लावतो, जे भरेल ते लिहितो. त्यापायी दोन ठेकेदारांनी मला कामावरून हलवायला लावलं.

तुमच्या कामाच्या ठिकाणी, घरात, सोसायटीत हा विश्वास नेमका कुठे लागतो? उपदेश नको, प्रसंग सांगा.

पहाटेची_लोकल
+१. तुमच्या वहीवर सही करणाऱ्यांनीही हा धागा वाचावा.

शारोनचे_फूल
दादा, तुमच्या वहीबद्दल आदर आहे, पण बुधवारच्या सभेला बाजूला सारू नका. आमचे हे गेले तेव्हा मुलगी पाचवीत होती. महिनाभर डबा आला तो त्याच सभेतल्या बायकांकडून. रेशनकार्डावरचं नाव बदलायला शिधावाटप कार्यालयात माझ्याबरोबर दिवस दिवस कोण बसलं? त्याच. एकीने तर स्वतःची रजा टाकली. रविवारी शंभर-दीडशे माणसं येतात, हात मिळवतात आणि जातात. बुधवारी आम्ही पंधराजणी सतरंजीवर बसतो, म्हणून कुणाचा नवरा घरी बसलाय आणि कुणाची फी थकली आहे हे कळतं. माणसं भेटलीच नाहीत तर गरज कळणार कुठून?

नगरकर_मुंबईत
ताई, पटलं. तुमच्याकडे आलेला तो डबा आणि टाकलेली ती रजा, मी विचारत होतो ते हेच. त्याची सुरुवात सतरंजीवर झाली असेल तर सतरंजी हवीच.

गोराईचा_नाखवा
आम्ही कॅथलिक, ईस्ट इंडियन म्हणजे इथलेच मूळचे ख्रिस्ती, धंदा मासेमारीचा. तुमच्याकडचं बुधवार-शुक्रवारचं फारसं माहीत नाही. आमच्या गावठाणात नाक्यानाक्यावर क्रूस आहेत. मे महिन्यात संध्याकाळी क्रूसापुढे रोजरी (जपमाळेची प्रार्थना) होते, घरातून उठून दहा पावलांवर जायचं. त्यामुळे देवळातला देव आणि गल्लीतला देव असं वेगळं कधी वाटलं नाही.

कामाचं विचाराल तर माझ्या आईचं सांगतो. ती बोरिवलीला बाजारात बसायची. तिच्याकडे दोन पाट्या असत, एक आजची, एक बर्फातली कालची. गिऱ्हाइकाने कालच्या पाटीला हात घातला की ती आपणहून सांगायची, "ताई, हे कालचं. तळायला ने, कालवणाला नको." शेजारणी तिच्यावर चिडायच्या, कारण तिने एकदा सांगितलं की त्यांच्या मालाकडेही लोक कल्ले उघडून बघू लागायचे. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. वचन वगैरे तिने कधी म्हणून दाखवलं नाही. पाट्या मात्र शेवटपर्यंत दोनच राहिल्या.

आता माझं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. हे दिवस माशांच्या विणीचे. तरी काहीजण चोरून जातात, त्या दिवसांत भाव चांगला मिळतो. मी बोट शाकारून ठेवतो. घरच्यांना दोन महिने ओढाताण होते, हे खरंच आहे. फादरांपुढे पापनिवेदनाला बसायचं आणि जुलैत अंड्यावरची मासळी ओढायची, हे मला जमत नाही.

मीठभाकर
नाखवा, तुमच्या आईंना सलाम. माझा प्रश्न जरा वेगळा आहे. आम्ही लालबागच्या चाळीत राहतो, मजल्यावर आमचं एकच ख्रिस्ती घर. गणपतीत वर्गणी देतो, मुलं मांडव उभारायला जातात. प्रसाद आला की मात्र घरात दोन तट पडतात. सासूबाई घेत नाहीत, आम्ही घेतो. विश्वास रोजच्या जगण्यात आणायचा तर याचं काय करायचं?

सत्यवचन
बायबलातलं पौलाचं करिंथकरांस पहिले पत्र, आठवा आणि दहावा अध्याय वाचा. मूर्तीला दाखवलेला नैवेद्य आपण घेऊ नये, यात संदिग्ध काही नाही. वर्गणी द्या, मदत करा, प्रसाद नम्रपणे नाकारा. शेजारी समजून घेतात.

गोराईचा_नाखवा
त्याच आठव्या अध्यायात हेही आहे की अन्नाने आपण देवाच्या जवळ जात नाही. न खाल्ल्याने काही कमी होत नाही, खाल्ल्याने काही वाढत नाही. पौलाची काळजी दुबळ्या मनाच्या भावाला ठेच लागू नये ही आहे. माहीमच्या चर्चमध्ये दर बुधवारी नोव्हेनाला, म्हणजे मरियेच्या खास प्रार्थनेला, येणाऱ्यांत ख्रिस्ती नसलेले कितीतरी असतात. मेणबत्ती लावतात, हात जोडतात. त्यांना कुणी दारातून परत पाठवत नाही.

सत्यवचन
ते आपल्या दारात येतात, आपण त्यांच्या वेदीवर जातो, या दोन गोष्टी एक नाहीत. मी मतावर ठाम आहे. तुमच्याशी भांडण मात्र नाही.

चर्नीरोड
मीठभाकर, सासूबाईंच्या बाबतीत पौलाचंच ऐका. त्या घरात असताना प्रसादावरून त्यांचं मन दुखवू नका, आणि वाटी परत करताना शेजाऱ्यांचंही नाही. आमच्याकडे आजी वाटी कधीच रिकामी परत पाठवायची नाही, दोन करंज्या ठेवायची. नाताळात आमचं ताट त्यांच्याकडे जायचं, ते आनंदाने घ्यायचे.

हे प्रश्न आपल्या लोकांना नवे नाहीत. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये याच मुंबईत बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली पाच वर्षं त्या बाईंनी काय सोसलं असेल! पण बाप्तिस्म्याआधीच त्यांनी सोवळंओवळं सोडलं होतं, कुणाच्याही हातचं अन्नपाणी घ्यायचं ठरवलं होतं. विश्वास त्यांच्या स्वयंपाकघरात आधी पोहोचला, मंडळीच्या नोंदवहीत नाव नंतर लागलं. मला हा क्रम फार मोलाचा वाटतो.

खडकावरचे_घर
नगरकरांनी 'होय तर होय' लिहिलंय, म्हणून एक दुखरी गोष्ट काढतो. आपल्यातल्या कितीजणांच्या दाखल्यावर एक धर्म आहे आणि घरात दुसरा? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या होत्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती दलित अजून बाहेर आहेत. म्हणून मुलाचा बाप्तिस्मा होतो, पण शाळेत नाव लावताना वडील गप्प बसतात. खडीच्या थरापेक्षा हे अवघड आहे. टेप लावून मोजता येत नाही.

पहाटेची_लोकल
हा प्रश्न गरिबाच्या प्रामाणिकपणाचा कशाला करता? गावकुसाबाहेरचं घर बाप्तिस्म्याने गावात येत नाही. जात तीच राहते, वागणूक तीच मिळते, फक्त सवलत जाते. जाब विचारायचा तर तो आदेश काढणाऱ्यांना आणि आपल्याच मंडळ्यांतल्या जातपाहणाऱ्यांना विचारा. लग्न जुळवताना अजून 'मूळचे कोण' विचारतात. आठवड्याच्या विश्वासाची यादी करत असाल तर हे पहिल्या ओळीत घ्या.

खडकावरचे_घर
लग्नाचं बोललात ते शंभर टक्के. मी त्या बापाला दोष देत नाही. त्याला असं गप्प बसावं लागू नये, एवढंच म्हणतोय. बाकी यावर वेगळा धागा काढतो, इथे मूळ विषय राहील.

रात्रपाळी
मी नर्स. शिक्षण मिरजेला, १८९४ पासूनच्या त्या मिशन रुग्णालयात. आता मुंबईत एका मोठ्या इस्पितळात आहे. धाग्याचं शीर्षक वाचून पहिल्यांदा मनात आलं, ज्यांना रविवारच नाही त्यांचं काय? ड्युटी लिस्टवर माझी सुट्टी मंगळवारी पडते. रविवारी वॉर्डात माणसं कमी असतात, मग जे असतात त्यांच्यावर दुप्पट भार. गेल्या नाताळच्या सकाळीही मी कामावर होते. मंडळीत गेले की विचारतात, "हल्ली दिसत नाहीस?" विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण ऐकून वाटतं की आपण मागे पडलो.

नगरकरांच्या वहीसारखी एक वही आमच्याकडेही आहे. बेशुद्ध किंवा खिळून पडलेल्या पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलायची, नाहीतर पाठीला, ढुंगणाला जखमा होतात. कूस बदलली की तक्त्यावर वेळ टाकून सही. पहाटे चारला एकटीने ऐंशी किलोचा माणूस वळवणं म्हणजे कंबर मोडते. मामांना (वॉर्डबॉयना) हाक मारावी तर ते दुसऱ्या वॉर्डात. सही आधी करून बसता येतं. पेशंट तक्रार करणार नाही, नातेवाईक झोपलेले. अशा वेळी मी मामा येईपर्यंत थांबते, चादरीची घडी खाली सरकवून दोघं मिळून वळवतो, पाठ पुसते, हाड टेकतं तिथे लाली आहे का टॉर्चने बघते आणि मग सही करते. माझी उपासना त्या वेळी तिथे चालू असते, असं मी मानते. तरीही प्रभुभोजनाची, देवळातल्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीची, ओढ वाटतेच, ती जात नाही.

शारोनचे_फूल
बाळा, डोळे भरून आले. तुझं काम प्रभूला दिसतं.

मरोळ_नाका
रात्रपाळी ताई, मी सुरक्षारक्षक. बारा तासांची पाळी. आमच्या एजन्सीत आठवड्याची सुट्टी कागदावर आहे. घेतली तर त्या दिवसाचा पगार जातो. गावाला आईला पैसे पाठवायचे असतात, म्हणून घेत नाही. गेटवर कानात एक बाजू लावून मोबाइलवर उपासना ऐकतो. तेवढ्यात गाडी आली की पळायचं. मागच्या वेळी आशीर्वादाच्या वेळी डिलिव्हरीवाले तिघे एकदम आले.

गिरणगाव
नमस्कार. मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला, माळकरी. वाचत होतो, राहवलं नाही म्हणून लिहितो. चालेल ना?

रविवारच्या सुट्टीबद्दल एक गोष्ट या धाग्यावर यायला हवी. मुंबईच्या गिरण्यांतल्या माणसांना पूर्वी आठवड्याची सुट्टी नव्हती. ती मिळवून दिली नारायण मेघाजी लोखंडे यांनी. ते महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक. १८८४ मध्ये त्यांनी बॉम्बे मिल हॅंड्स असोसिएशन काढली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार खंडोबाचा वार, हेही कामगारांच्या बाजूचं एक कारण होतं. साहेबाचा तो चर्चचा दिवस होताच. माझे पणजोबा परळच्या गिरणीत होते. त्यांच्या पिढीला रविवारी भजनाला बसता आलं ते त्या लढ्यामुळे. वर दोघांचं वाचून वाटलं, तो लढा अर्ध्यावरच राहिलाय.

नगरकर_मुंबईत
गिरणगाव, अवश्य लिहा, तुमचं स्वागतच आहे. आयुष्यभर रविवारी देवळात गेलो, पण या शहरातल्या कष्टकऱ्यांना तो रविवार कुणी मिळवून दिला हे मंडळीत कधी ऐकलं नाही. रविवारच्या शाळेत मुलांना सांगण्यासारखं आहे.

खारघर_लिली
आता मी सगळ्यांना एक प्रश्न विचारते, राग मानू नका. रविवारी आपल्या घरी कामाच्या मावशी किती वाजता येतात?

आमच्या इमारतीत पाच-सहा ख्रिस्ती घरं आहेत. नऊची उपासना, म्हणून मावशींना साडेसहाला बोलावतात. "आज लवकर या हं, चर्चला जायचंय." आपण भांडी घासलेली बघून देवळात जातो. निर्गम २०:१० उघडा. विसाव्याच्या दिवशी काम कुणी करायचं नाही? तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझी गुरेढोरे, तुझ्या वेशीच्या आतला परका. चौथी आज्ञा पाठ सगळ्यांना आहे, पण आपण 'तू' पाशीच थांबतो. वेशीच्या आतला परका म्हणजे आपल्या गेटवरचा रक्षकच की! मरोळ नाका, तुमच्यासारखाच कुणीतरी आमच्याही गेटवर उभा असतो आणि आम्ही बायबल हातात घेऊन त्याच्यासमोरून जातो.

गोराईचा_नाखवा
लिलीताई, एकदम बरोबर. फक्त आमच्याकडे ती तिसरी आज्ञा आहे. :)

चर्नीरोड
नाखवा बरोबर आहेत. कॅथलिक आणि लुथरन मोजणीत ती तिसरी, आपल्याकडे चौथी. मजकूर तोच, त्यामुळे सुटका कुणाचीच नाही.

मीठभाकर
पण लिलीताई, सुट्टी दिली की मावशींचाच तोटा होतो ना? पैसे कापले जातात, म्हणून त्या स्वतःच येतात. आमच्या मावशी तर म्हणतात, खाडा नको.

खारघर_लिली
पैसे कापायचेच कशाला? आपल्याला ऑफिसात पगारी सुट्टी मिळते, तीच त्यांना द्यायची. आमच्या घरी आठवड्याला एक दिवस भरपगारी सुट्टी आहे. मी रविवार ठरवून ठेवला होता, त्या म्हणाल्या, "रविवार नको, सोमवार द्या. यांचं दुकान सोमवारी बंद असतं, दोघं मिळून पोरीच्या शाळेत जाऊन येऊ." म्हणून सोमवार. दिवस त्यांनाच विचारायला हवा. रविवारी त्या उशिरा, अकराला येतात, तोवर आम्ही परतलेले असतो, आणि सकाळची भांडी मुलगा घासतो. घरेलू कामगारांसाठी महाराष्ट्रात २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे. नोंदणीसाठी जायचं होतं तेव्हा मी कामाचं पत्र लिहून दिलं. फार मोठं काही केलेलं नाही, पण सोसायटीत याला विरोध झाला. "तुम्ही सवय लावली की आमच्याकडेही मागतील," म्हणाल्या. म्हटलं, मागू देत.

सत्यवचन
प्रसादावर मी एकटा पडलो होतो, इथे मात्र तुमच्या पूर्ण बाजूने आहे. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देव हेच विचारतो. उपासाच्या दिवशी तुम्ही आपला स्वार्थ साधता आणि आपल्या मजुरांना राबवून घेता, हा मला पसंत असलेला उपास आहे का? आमच्या शुक्रवारच्या उपासप्रार्थनेत हाच अध्याय घ्यायला सांगतो.

पहाटेची_लोकल
सत्यवचन, शुक्रवारी मीही येतो. परळला टाटा रुग्णालयाबाहेर पदपथावर नातेवाईक झोपलेले असतात, आमचा तरुण संघ महिन्यातून एकदा तिथे जेवण देतो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत ज्यांना जागा मिळते ते बरेच, बाकीचे उघड्यावर. आम्ही जेवणाबरोबर धर्मप्रचाराच्या पत्रिका वाटायचो. तिथल्या एका आजोबांनी सरळ सांगितलं, "बाळा, भात दे, कागद नको, आधीच रिपोर्ट फार झालेत." त्यानंतर फक्त भात देतो. कुणी विचारलंच तर बोलतो.

गिरणगाव
आजोबांचं बरोबर आहे. आमच्या दिंडीतही हाच नियम, आधी पंगत, मग कीर्तन.

नगरकर_मुंबईत
सगळं दोनदा वाचलं. मी विचारलं होतं, विश्वास कुठे लागतो. वही, तक्ता, दोन पाट्या, हे आलंच. पण लिलीताईंनी जे काढलं ते माझ्या डोक्यात नव्हतं: आपल्या रविवारासाठी दुसऱ्या कुणाचा दिवस खर्ची पडतो का. माझ्या साइटवर रविवारी स्लॅब असला की मजूर येतात, मी उपासनेला जातो. आता ठेकेदाराशी बोलून रविवारी काम असेल त्या आठवड्यात मजुरांना बदली सुट्टी आणि तिचा रोज मिळेल असं बघतो. पहिल्या फटक्यात मानणार नाही, पण मोजमाप माझ्याकडे आहे, बोलू शकतो.

दुसरं, रात्रपाळी आणि मरोळ नाका यांच्यासाठी. येत्या मंडळीच्या सभेत मी ठेवणार आहे की महिन्यातून एक उपासना कामाच्या दिवशी संध्याकाळी व्हावी, प्रभुभोजनासह. पाळकसाहेबांशी फोनवर बोललो, ते तयार आहेत. वार कोणता?

रात्रपाळी
मंगळवार. बुधवारी मला जमत नाही.

मरोळ_नाका
मी आठला सुटतो. मरोळहून भायखळ्याला यायला नऊ-सव्वानऊ होतात. चालेल का एवढ्या उशिरा?

शारोनचे_फूल
चालेल. मंगळवारी आम्ही बुधवारवाल्या पाचसहाजणी येतो. साडेनऊला सुरू करू. भाकरी आणि पिठलं आणते, जेवून येऊ नका. नगरकर दादा, सभेतून होकार आला की इथे कळवा. मरोळ नाका, पत्ता तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवलाय, स्टेशनच्या पूर्वेला उतरायचं.